दोन अर्थिंग आणि मधला रेडिओ: शॉर्टवेव्ह अँटेनाच्या वीज-संरक्षणाचं एक प्रकरण

मराठीत आकाशातली ती वीज आणि तारेतली ती पण वीजच. एरवी या गोष्टीचं कौतुक वाटतं, पण या प्रकरणात तिनेच पहिला गोंधळ घातला. फोनवर समोरचे गृहस्थ म्हणाले, "वीज अँटेनातून आत आली आणि रेडिओ गेला." मी विचारलं, "कुठली वीज?" ते क्षणभर गप्प झाले आणि मग जरा चिडूनच म्हणाले, "अहो, आभाळातली! घरातली तर आधीच बंद केली होती."

त्या वाक्यात दोन चुका होत्या. वीज अँटेनातून आलेली नव्हती आणि घरातली वीज खऱ्या अर्थाने बंदही झालेली नव्हती. हे कळायला आमचे दोन रविवार गेले.

मांडणी आधी सांगतो. दुमजली घर. मागच्या बाजूला गच्चीवरच्या खांबापासून आवारातल्या दुसऱ्या खांबापर्यंत २० मीटर लांबीची तांब्याची तार, जमिनीपासून साधारण ८ मीटर उंचीवर. तारेच्या एका टोकाला ९:१ चा जुळवणी ट्रान्सफॉर्मर, म्हणजे हौशी मंडळी ज्याला बालून म्हणतात तो. त्यातल्या दोन गुंडाळ्या एकमेकींपासून अलग. तारेकडच्या गुंडाळीचं दुसरं टोक मागच्या बागेत ठोकलेल्या सळईला. दुसऱ्या गुंडाळीपासून कोअ‍ॅक्स केबल (मधली तार आणि तिच्याभोवती धातूचं वेष्टण) निघून वरच्या मजल्यावरच्या खोलीच्या खिडकीपाशी येते. खिडकीच्या चौकटीवर गॅस ट्यूबचा अरेस्टर, म्हणजे व्होल्टेज फार वाढलं की ते जमिनीकडे वळवणारा भाग, बसवलेला, आणि अरेस्टरच्या अंगापासून एक हिरवी तार खाली त्याच सळईला. अरेस्टरच्या पुढे कोअ‍ॅक्स खोलीत, टेबलावरच्या सॉफ्टवेअर रेडिओच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या रेडिओच्या, डबीत. डबीतून यूएसबी केबल संगणकाला, संगणकाचा तीन पिनांचा प्लग भिंतीत, आणि नेटवर्कची केबल राउटरला.

घराचं मुख्य अर्थिंग पुढच्या बाजूला, मीटरजवळ. मागच्या सळईपासून १४ मीटर दूर.

आणखी एक गोष्ट. घरामागच्या मोकळ्या जागेत, सळईपासून सुमारे ५० मीटरवर, एक उंच झाड होतं. त्या संध्याकाळी वीज त्या झाडावर पडली. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत हातभर रुंदीची साल सोललेली होती आणि तिचे तुकडे दूरवर उडाले होते. सालीखालच्या रसाची क्षणात वाफ होते आणि ती साल फोडून बाहेर पडते, त्याची ही खूण. गृहस्थांच्या आठवणीप्रमाणे लखलखाट आणि कडाड एकाच दमात झाले. ५० मीटरवर आवाज पोहोचायला सेकंदाचा सातवा हिस्सा लागतो, तेव्हा तेही जुळतं.

नुकसान असं: रेडिओची डबी संगणकाला दिसेना, संगणकाचं ते एक यूएसबी पोर्ट मेलं, राउटरचं एक पोर्ट मेलं. बाकी सगळं ठीक. दिवे, पंखे, मॉनिटर, एवढंच काय, संगणकसुद्धा.

सुटं करून पाहिल्यावर

वीज अँटेनाच्या तारेतून आली असं म्हणायचं, तर तिच्या वाटेत आधी बालून लागतो, मग अरेस्टर, मग रेडिओचा पुढचा टप्पा. आम्ही त्याच क्रमाने गेलो.

बालून उघडला. गुंडाळ्या शाबूत, तारेवरचा एनॅमलचा लेप कुठेही करपलेला नाही. अरेस्टरमधली गॅस ट्यूब काढली, मोठा रोधक मालिकेत जोडून डीसी व्होल्टेज हळूहळू वाढवत नेलं. ९२ व्होल्टला ट्यूब पेटली. तिच्यावर ९० लिहिलं होतं. म्हणजे अगदी धडधाकट. जबरदस्त प्रवाह वाहून नेलेली ट्यूब बहुतेक वेळा एकतर शॉर्ट होऊन बसते किंवा तिचं पेटण्याचं व्होल्टेज भलतीकडेच सरकलेलं असतं. तसं काही नव्हतं.

मग रेडिओची डबी. अँटेना सॉकेटच्या मधल्या पिनपासून पुढे निघालेले फिल्टरचे भाग भिंगाखाली पाहिले, स्वच्छ. सॉकेटजवळ पाठीला पाठ लावून बसवलेले दोन डायोडही मापात बरोबर. या डायोडचं कामच असं की पुढच्या टप्प्यावर अर्ध्या-पाऊण व्होल्टपेक्षा जास्त काही येऊ द्यायचं नाही. मोठा झटका मधल्या तारेतून आला असता, तर सर्वांत आधी हे मेले असते.

खूण सापडली ती भलतीकडे. या डबीत अँटेनाची ग्राउंड (जमिनीकडची बाजू) आणि यूएसबीची ग्राउंड मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या होत्या. मध्ये एक लहानसा ट्रान्सफॉर्मर, आणि बोर्डावर दोन तांब्याच्या पट्ट्यांमध्ये जेमतेम एक मिलिमीटरची फट. त्या फटीवर काजळीचा टिपका होता, मोहरीपेक्षाही लहान. ठिणगी तिथून उडाली होती. ती तारेपासून जमिनीकडे गेली नव्हती, एका जमिनीपासून दुसऱ्या जमिनीकडे गेली होती.

मला खरं सांगायचं तर हा टिपका पाहून बरं वाटलं. एरवी असल्या चौकशीत हाताला फक्त मेलेले भाग लागतात आणि पुढे सगळा अंदाज. इथे वाट काजळीने लिहून ठेवली होती.

जमीन म्हणजे शून्य व्होल्ट नव्हे

आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असं पक्कं बसलेलं असतं की जमीन म्हणजे शून्य. सळई ठोकली, तार जोडली, झालं, आता ते टोक शून्यावर. रोजच्या व्यवहारात हे चालतं. वीज पडते त्या क्षणी चालत नाही.

झाडातून उतरलेला प्रवाह जमिनीत शिरतो आणि बुंध्याभोवती सगळीकडे पसरतो. पहिल्या झटक्याचा शिखर-प्रवाह साधारण ३० हजार अँपिअरच्या घरात धरायची पद्धत आहे. मातीचा रोध १०० ओहम-मीटर धरू. बऱ्यापैकी ओल्या मातीला तो शोभतो. एकसारख्या मातीत बुंध्यापासून ठराविक अंतरावर जमीन किती व्होल्टवर उचलली जाते याचं सूत्र सोपं आहे: मातीचा रोध गुणिले प्रवाह, भागिले (२ × π × अंतर).

५० मीटरवर, म्हणजे मागच्या सळईपाशी, साडेनऊ हजार व्होल्ट येतात. ६४ मीटरवर, म्हणजे पुढच्या मुख्य अर्थिंगपाशी, साडेसात हजार. दोन्ही आकड्यांना फारसं महत्त्व नाही. सगळं घर एकदम साडेनऊ हजार व्होल्टवर गेलं असतं तर आतल्या कुठल्याच उपकरणाला काही कळलंही नसतं, तारेवर बसलेल्या पाखराला जसं कळत नाही. महत्त्वाचा आहे तो फरक: सुमारे २ हजार व्होल्ट. आणि त्या दोन ठिकाणांना जोडणारा धातूचा एकच रस्ता होता. सळई, हिरवी तार, कोअ‍ॅक्सचं वेष्टण, रेडिओ, यूएसबी, संगणक, तिसरी पिन, घराचं अर्थिंग.

यात आणखी एक भर पडते. हा सगळा रस्ता आणि त्याच्या खालची जमीन मिळून एक प्रचंड वेटोळं तयार होतं. १४ मीटर लांब आणि साधारण ५ मीटर उंच, म्हणजे ७० चौरस मीटर. झाडातला प्रवाह पाच मायक्रोसेकंदांत शून्यावरून ३० हजारांवर चढला असं धरलं, तर त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे एवढ्या वेटोळ्यात ५५ मीटरवरून आणखी दीड हजार व्होल्ट निर्माण होतात. दोन्हींची बेरीज किंवा वजाबाकी नेमकी कशी झाली ते कोण सांगणार. पण एक मिलिमीटरच्या फटीवर ठिणगी उडायला दोन-तीन हजार व्होल्ट पुरतात. राउटरच्या पोर्टातला छोटा ट्रान्सफॉर्मर दीड हजार व्होल्ट सहन करेल अशा मापाने बनवलेला असतो. त्यापुढे तोही हात टेकतो.

म्हणून "घरातली वीज बंद केली होती" याचा उपयोग झाला नाही. भिंतीवरचं बटण फेज तोडतं. अर्थची तार कुठलंच बटण तोडत नाही, तोडूही नये. संगणक बंद असला तरी तिसऱ्या पिनमुळे तो जमिनीला जोडलेलाच होता, आणि हा प्रसंग तर जमिनीतूनच आला होता. त्यांनी भरवशाने लावलेला स्पाइक गार्डही त्यामुळे नुसता बघत राहिला. तो फेज आणि न्यूट्रलवरचा जादा दाब खाली उतरवण्यासाठी असतो. त्याच्या दृष्टीने काही घडलंच नव्हतं.

आणि अरेस्टर? त्याच्यावर मला कधीकधी दया येते. मधली तार आणि वेष्टण यांच्यात फरक वाढला की दोघांना जोडायचं, एवढंच त्याचं काम. इथे मधली तार आणि वेष्टण दोघंही एकत्रच उचलले गेले. त्याला फरक दिसलाच नाही. उलट त्याचं अंग मागच्या सळईला जोडलेलं होतं, म्हणजे वेष्टण मागच्या जमिनीला बांधून ठेवण्याचं काम त्यानेच चोख केलं.

"रेडिओचं अर्थिंग वेगळंच हवं"

गृहस्थ काही अडाणी नव्हते. त्यांनी सळई मुद्दाम वेगळी ठेवली होती आणि त्यामागे कारण होतं. चार्जर, एलईडी दिवे, इन्व्हर्टर यांच्या आतले स्विचिंग सप्लाय घराच्या अर्थिंगवर खरखर सोडतात. शॉर्टवेव्हवर दूरचं क्षीण केंद्र ऐकणाऱ्याला ही खरखर नकोशी असते. म्हणून हौशी मंडळींमध्ये वर्षानुवर्षं एक सल्ला फिरतो: रेडिओसाठी स्वच्छ, स्वतंत्र जमीन घ्या, घराच्या अर्थिंगला हात लावू नका.

ऐकण्याच्या दृष्टीने सल्ला अर्धा खरा आहे. सुरक्षेच्या दृष्टीने तो घातक आहे, आणि नुसत्या उपकरणांपुरता नाही. तार चुकून घराच्या फेजला टेकली आणि अर्थिंग फक्त त्या एकट्या सळईचं असेल, तर फ्यूज उडण्याइतका प्रवाहच वाहणार नाही. त्यांची सळई १२ मिमी जाडीची आणि १.२ मीटर लांब होती. तिचा जमिनीशी रोध हिशेबाने ७५ ओहमच्या आसपास येतो. २३० व्होल्टला जेमतेम तीन अँपिअर. कोअ‍ॅक्सचं धातूचं टोक जिवंत होऊन बसेल आणि मुख्य फ्यूजला पत्ताही लागणार नाही.

मी त्यांना रिखमानची गोष्ट सांगितली. जॉर्ज विल्हेल्म रिखमान, सेंट पीटर्सबर्गचा भौतिकशास्त्रज्ञ. छपरावर लोखंडी दांडा, तिथून तार थेट घरात, टोकाला विद्युतभार मोजायचं उपकरण. वादळी ढगातला भार मोजायचा म्हणून दांडा जमिनीला जोडलेला नव्हता, जोडला असता तर मोजायला काही उरलंच नसतं. १७५३ च्या ऑगस्टमध्ये वादळ आलं, तो उपकरणाशी वाकला आणि जागीच गेला. छपरावरून तार आत आणायची आणि तिला जमिनीचा सोपा रस्ता ठेवायचा नाही, ही मांडणी आपल्या ओळखीची आहे. आपल्या कितीतरी जणांच्या टेबलावर ती आजही आहे, फक्त टोकाला मोजणीच्या उपकरणाऐवजी रेडिओ असतो.

गृहस्थ यावर म्हणाले, "म्हणजे मी जमिनीला जोडलं तरी चूक, नाही जोडलं तरी चूक?" प्रश्न रास्त होता. जोडायलाच हवं. प्रश्न कुठे जोडायचं एवढाच.

दुरुस्ती

पहिला मोह असा झाला की मागची सळई आणि पुढचं अर्थिंग जाड तारेने एकमेकांना जोडून मोकळं व्हायचं. बरेच जण इथेच थांबतात. पण हिशेब करून पाहिल्यावर हे पुरेसं नाही हे दिसतं. सरळ तारेचं इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या अचानक बदलाला तिचा होणारा विरोध, मीटरला साधारण एक मायक्रोहेन्री असतं. घराला वळसा घालून जाणारी तार २० मीटरची झाली, म्हणजे २० मायक्रोहेन्री. त्या तारेत मायक्रोसेकंदाला ५० अँपिअर अशा वेगाने प्रवाह चढला, तरी तिच्या दोन टोकांत हजार व्होल्टचा फरक उभा राहतो. तार बोटभर जाड केली तरी हा आकडा फारसा हलत नाही. तो जाडीपेक्षा लांबीचा गुलाम आहे.

जोडणी करायची हे नक्कीच, पण सोबत वाटही बदलायची. बाहेरून आत येणारी प्रत्येक तार घरात एकाच जागी शिरली पाहिजे, आणि त्या जागी सगळ्यांची जमीन एकच असली पाहिजे. मग बाहेर काहीही होवो, आतलं सगळं एकत्र उचललं जाईल आणि एकत्र खाली येईल.

आम्ही खिडकीची वाट बंद केली. कोअ‍ॅक्स बाहेरच्या भिंतीने पुढच्या बाजूला, मीटरशेजारी आणली. तिथे भिंतीवर तांब्याची पट्टी बसवली आणि अरेस्टर थेट तिच्यावर, मध्ये तार नाही. २.४ मीटर लांबीच्या दोन सळया ठोकल्या, एक पट्टीपासून खाली हातभर अंतरावर आणि दुसरी तिच्यापासून पाच मीटर दूर. पट्टी घराच्या मुख्य अर्थिंगला १६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने जोडली. हा शेवटचा जोड परवानाधारक वायरमनने केला. मीटरजवळच्या कामात हौसेला जागा नाही आणि नियमही तसं करू देत नाहीत. मागची जुनी सळई उपटली नाही. तीही उघड्या तांब्याच्या तारेने, जमिनीखालून, याच पट्टीला जोडली. पुरलेली उघडी तार स्वतःही जमिनीशी संपर्क वाढवते, तो फुकटचा फायदा.

पट्टीपासून खोलीपर्यंत कोअ‍ॅक्स घराच्या विजेच्या तारांना चिकटून नेली. दिसायला ही किरकोळ गोष्ट, पण ७० चौरस मीटरचं वेटोळं यानेच गेलं. दोन तारा शेजारी-शेजारी धावल्या की त्यांच्यामध्ये क्षेत्रफळच उरत नाही.

केबल २५ मीटरने वाढली, यावर बराच खल झाला. आरजी-५८ जातीच्या केबलमध्ये १० मेगाहर्ट्झला १०० मीटरमागे साडेचार-पाच डेसिबल जातात, म्हणजे इथे सव्वा डेसिबलच्या आतबाहेर. शॉर्टवेव्हवर अँटेनातून येणारा आकाशाचा गोंगाट रेडिओच्या स्वतःच्या गोंगाटापेक्षा खूप मोठा असतो. केबलमध्ये संकेत आणि गोंगाट दोघंही सारखेच उतरतात, त्यामुळे ऐकू येण्यात फरक पडत नाही. व्हीएचएफवर, म्हणजे एफएमसारख्या वरच्या लहरींवर, मी हे म्हटलं नसतं.

जुन्या मांडणीतली हिरवी तारही पाहण्यासारखी होती. खिडकीपासून सळईपर्यंत चार मीटर अंतर, पण तार नऊ मीटरची. उरलेली पाच मीटर गोल गुंडाळून, प्लास्टिकच्या पट्टीने नीट बांधून खिडकीखाली टांगलेली. कामात टापटीप होती, पण ते वेटोळं म्हणजे एक बरीशी कॉइलच, आणि नेमक्या त्या जागी जिथे कॉइल अजिबात नको. विजेच्या वाटेवरची तार लांब असेल तर कापायची. वळवायची असेल तर ऐसपैस वळवायची, काटकोनात नाही.

आता बालून. त्याच्या दोन गुंडाळ्या अलग, त्यामुळे मागची जमीन आणि पुढची जमीन यांच्यातला फरक यापुढे बालूनच्या एनॅमलवर येणार. तिथे, दोन ग्राउंडच्या मध्ये, आणखी एक गॅस ट्यूब टाकली, आणि तारेकडच्या गुंडाळीवर एक. ट्यूब टिकली तर उत्तम. नाही टिकली तर बालून फुटेल, पण तो बाहेर खांबावर आहे आणि एका दुपारी पुन्हा गुंडाळता येतो. फुटायचंच असेल तर घराबाहेर फुटू दे, असा हा सौदा आहे.

या कामाला गॅस ट्यूबच का, असं विचारलं जातं. घराच्या मेन्सवर लावतात तो व्हॅरिस्टर (व्होल्टेज वाढलं की वाहू लागणारा रोधक) स्वतःच शेकडो पिकोफॅरडचं कपॅसिटन्स, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, घेऊन बसतो आणि शॉर्टवेव्हचा संकेत गिळतो. गॅस ट्यूबचं कपॅसिटन्स एक-दोन पिकोफॅरड, रेडिओला ती असल्याचंही कळत नाही. तिचा दोष म्हणजे आळस. डीसीवर ९० व्होल्टला पेटणारी ट्यूब झपाट्याने चढणाऱ्या झटक्याला पाच-सहाशे व्होल्टपर्यंत दाद देत नाही. तेवढ्या वेळात आत शिरलेलं ते दोन डायोड झेलतात. डायोडचाही एक खोडसाळपणा आहे: जवळच एखादं जबरदस्त प्रक्षेपण केंद्र असेल तर ते स्वतःच मिसळण करून नसलेली केंद्रं ऐकवतात. या घरी तसं काही नव्हतं, म्हणून राहू दिले.

ज्यांच्या बालूनमध्ये तारेला जमिनीपर्यंत डीसी रस्ता नाही, त्यांनी तार आणि जमीन यांच्यामध्ये १०० किलोओहमचा रोधक जरूर टाकावा. २० मीटर तारेचं कपॅसिटन्स शंभर-सव्वाशे पिकोफॅरड. वाऱ्याने, धुळीने, पावसाच्या भारित थेंबांनी तिच्यावर साचणारा भार असा रोधक काही मायक्रोसेकंदांत उतरवतो आणि संकेताला धक्काही लावत नाही. इथे गुंडाळीच ते काम करत होती.

खरखरीचं काय झालं

गृहस्थांची भीती खरी ठरली. जमिनी जोडल्या त्या रात्री ४९ मीटर बँडवर खरखर दीड एस-युनिटने (संकेत-मापकावरचं एकक) वाढली. त्यांनी मला फोनवर ती ऐकवलीसुद्धा, पुरावा म्हणून.

इलाज जोड तोडण्याचा नव्हता. ६१ मिमी व्यासाच्या फेराइटच्या (चुंबकीय सिरॅमिकच्या) कड्यावर बारीक कोअ‍ॅक्सचे १२ वेढे घेतले आणि असं एक कडं बालूनजवळ, एक पट्टीच्या आतल्या बाजूला घातलं. वेष्टणाच्या बाहेरून सरपटत येणाऱ्या खरखरीला शॉर्टवेव्हवर हे कडं हजारो ओहमचं वाटतं. केबलच्या आतल्या संकेताला ते दिसतच नाही. आणि डीसीला, मेन्सला ती निव्वळ तांब्याची तार आहे, म्हणजे सुरक्षेचा जोड जिथल्या तिथे. खरखर पूर्वीइतकी खाली आली, किंवा किंचित कमीच. जी उरली ती जिन्यातल्या एका दिव्याची निघाली.

फेराइट हे वीज-संरक्षण नव्हे, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं. मोठ्या प्रवाहात ते संपृक्त होतं, म्हणजे त्याची चुंबकीय क्षमता संपते, आणि मग ते कडं असून नसल्यासारखं.

वादळ येताना

इतकं करूनही वीज थेट त्या तारेवर पडली तर? तर यातलं काहीही रेडिओ वाचवण्याची हमी देत नाही. तेव्हा प्रवाहाचा बराचसा भाग बाहेरच्या बाहेर जमिनीत जावा, आग लागू नये आणि माणसं वाचावीत, एवढीच अपेक्षा. घरालाच थेट विजेपासून राखायचं तर छपरावरचे दांडे, खाली उतरणाऱ्या पट्ट्या, त्यांचं स्वतंत्र गणित, हे आयईसी ६२३०५ या मानकाचं क्षेत्र आहे आणि ते काम त्या विषयातल्या माणसाचं.

रेडिओ वाचवायचा तर केबल काढून ठेवणं याला तोड नाही. पण कुठून काढायची? गृहस्थ पूर्वी ती टेबलावर काढून ठेवायचे. कुणी तरी सांगितलं म्हणून टोक काचेच्या बाटलीत घालायचे. ढगापासून जमिनीपर्यंत काही किलोमीटर हवा फोडून आलेल्या ठिणगीला बाटलीच्या काचेचं काय कौतुक? खोलीत लोंबणारं टोक म्हणजे विजेला खोलीपर्यंत आणून सोडणं. आता केबल पट्टीपाशी, घराबाहेर सुटते आणि तिचं टोक पट्टीवरच बसवलेल्या शॉर्ट केलेल्या सॉकेटमध्ये जातं. आतल्या केबलचं टोक मोकळं राहतं. सोबत संगणकाचा प्लग भिंतीतून बाहेर, नुसतं बटण नाही.

हे सगळं वादळ डोक्यावर यायच्या आत. लखलखाट आणि गडगडाट यांच्यामध्ये तीस सेकंदांहून कमी वेळ गेला तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आहे. त्या वेळी केबलला हात लावायचा नाही. राहिली जोडलेली तर राहू द्यायची. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं.

शॉर्टवेव्ह ऐकणाऱ्याकडे तसं पाहिलं तर घड्याळापेक्षा चांगलं साधन असतंच. अलेक्झांडर पोपोव्हने १८९५ च्या मे महिन्यात सेंट पीटर्सबर्गमध्येच जे ग्राहक यंत्र दाखवलं, ते पुढे दूरच्या विजा टिपायलाच वापरलं गेलं. दिवसा मीडियम वेव्हच्या खालच्या टोकाला, केंद्र नसलेल्या जागी, रेडिओ लावून ठेवायचा. दिवसा वरच्या वातावरणातला डी थर दूरवरून उसळी घेऊन येणारे संकेत शोषून घेतो, त्यामुळे जे कडकड ऐकू येतं ते बहुतांशी आसपासच्या टापूतलं. तुरळक कडकड दाट होऊ लागली की उठायचं. रात्री मात्र हा हिशेब फसतो. डी थर विरतो आणि शेकडो किलोमीटरवरचं वादळ शेजारी असल्यासारखं ऐकू येतं.

दुरुस्तीनंतर आम्ही पट्टीपासून घराच्या अर्थबारपर्यंत आणि मागच्या सळईपर्यंतचा रोध मोजला, दोन्हीकडे एका ओहमच्या बराच आत. सगळे बाहेरचे जोड घट्ट करून वर पाणी न शिरणारी पट्टी गुंडाळली. बुरसलेला जोड पाहायला वर्षातून एकदा ती उघडायची असं ठरलं. संगणकाची नेटवर्क केबल काढून टाकली, वायफायवर त्यांचं भागतं.

गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे गेलो तेव्हा मोठ्या अभिमानाने त्यांनी मला पट्टी दाखवली. पावसाचे दोन महिने उलटूनही पितळी सॉकेट चकचकीत होतं. मग म्हणाले, "चला, आणखी एक दाखवतो," आणि मला मागच्या बाजूला घेऊन गेले. कुंपणाच्या खांबावर नवा कॅमेरा बसवला होता. त्याची तीस मीटर नेटवर्क केबल आवारातून येऊन, जुन्या खिडकीच्या त्याच भोकातून, वरच्या खोलीत शिरली होती.

"ही पण पुढून आणायची का हो?" त्यांनी विचारलं. मी शिडी कुठे आहे ते विचारलं.